हत्यारी हाताचा बंदोबस्त
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी यंदाच्या संमेलनात शरीरसंवर्धनावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली. हा विषय असा आहे की, त्यावरील व्याख्यान ऐकून आजवर कोणाचे दंड भरल्याचे ऐकिवात नाही. म्हणून त्या अफाट विषयातील एकच लहानसा कोपरा मी आज निवडला आहे. अंगाला अंग भिडले असता प्रतिपक्ष्याच्या ज्या हातात हत्यार आहे, त्या हाताचा बंदोबस्त कसा करावा, हा तो कोपरा होय. विषयाचे नाव ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. आपली ज्ञाती शेती, व्यापार आणि नोकरी करून सचोटीने पोट भरणारी. तिच्या व्यासपीठावर सुरी-कट्यारीची भाषा कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे.

त्याचे कारण असे. जळगाव, भुसावळ, धुळे येथे शिक्षणासाठी राहणारी आपली मुले सुटीत घरी आली म्हणजे त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी वारंवार येतात. एक, अमक्याच्या खिशात चाकू असतो. आणि दुसरी, चाकूवाला समोर आला तर त्याचा हात असा पिरगाळायचा की चाकू खाली. ही दुसरी विद्या ती मोबाईलच्या पडद्यावर पाहून शिकतात. पहिल्या गोष्टीइतकीच दुसरीही घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्ध्या विद्येने माणूस निर्धास्त होतो, आणि निर्धास्त माणूस सुरीपुढे उभा राहतो. तेव्हा ही विद्या खरोखर काय आहे, तिची मर्यादा कोठे आहे, आणि ती कोणी कोठे शिकवावी, याचा विचार घरच्या माणसांत होणे बरे.

या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध पाठ महाराष्ट्रातच घडला, आणि त्याची तिथी शाळेतील मुलालाही पाठ असते. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याशी उभारलेल्या शामियान्यात शिवाजी महाराज आणि अफजलखान यांची भेट झाली. ही कथा आपण लहानपणापासून वीररसाने ऐकत आलो. आज ती आखाड्याच्या काठावर बसून, डाव पाहणाऱ्याच्या नजरेने पाहू.

कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत जी हकीकत येते, तिचे सार असे. भेटीपूर्वी खानाजवळ सय्यद बंडा नावाचा नामांकित पटाईत उभा होता. महाराजांनी निरोप पाठवून त्याला दूर करविले. पुढे आलिंगन देतेवेळी खानाने महाराजांची मान आपल्या काखेत दाबली आणि दुसऱ्या हाताने जमदाड उपसून त्यांच्या कुशीवर चालविली. अंगात चिलखत असल्याने ती खरखरत गेली. महाराजांनी डाव्या हातातील वाघनखाने खानाचे पोट फाडले, दुसऱ्या हाताने बिचवा चालविला, मान हिसडून सोडविली आणि ते चौथऱ्यावरून खाली उतरले. कवींद्र परमानंदाचे संस्कृत शिवभारत १९२७ साली छापून प्रसिद्ध झाले. त्यात तपशील थोडा निराळा आहे. तेथे वाघनखाऐवजी तलवार येते. परंतु एका बाबतीत हा कवी आपल्या कामाचा आहे. महाराज बाहुयुद्धात निष्णात होते, त्यांनी मिठीतून मान सोडविली आणि अंग आकसून पोटाकडे येणारी कट्यार चुकविली, असे तो आवर्जून सांगतो.

आता या प्रसंगातील खानाची चूक कोणती? खान देहाने प्रचंड होता आणि पहिली पकड त्याचीच पडली. मान काखेत सापडणे ही कुस्तीत मोठी अडचण समजतात. पण खानाने मान धरली आणि दोन्ही हात मोकळे सोडले. त्याचा डावा हात मानेभोवती गुंतला, उजवा जमदाडीत गुंतला. म्हणजे प्रतिपक्ष्याचे हात धरायला त्याच्याजवळ तिसरा हात उरला नाही. उलट महाराजांची मान अडकली होती, पण काम करणारे दोन्ही हात मोकळे होते. माणूस मानेने मारीत नाही, हाताने मारतो. ज्याने हात सोडून इतर काही धरले, त्याने कितीही घट्ट धरले तरी लढत संपलेली नसते. आपल्या विषयाचे हे पहिले सूत्र.

दुसरे सूत्र त्याहून सूक्ष्म आहे. महाराजांनी खानाचे मनगट पकडले असे बखरकार म्हणत नाही. हत्यारी हात पकडण्याची वेळच त्यांनी कमीत कमी ठेवली. सय्यद बंडा दूर गेला, म्हणजे एक हत्यारी हात भेटीपूर्वीच, केवळ शब्दाने, मैदानातून काढला गेला. अंगात चिलखत होते, म्हणजे पहिला वार येणारच हे आधी धरून चालले होते. वाघनख मुठीत लपलेले होते. ते चालवायला हात उगारण्याची जागा लागत नाही, आणि कड्यांत बोटे अडकलेली असल्याने ते हिसकावताही येत नाही. मिठीच्या अरुंद जागेसाठी याहून योग्य हत्यार सापडणे कठीण. याप्रमाणे हत्यारी हाताचा तीन चतुर्थांश बंदोबस्त मिठी पडण्यापूर्वीच झालेला होता. उरलेला चौथा हिस्सा बाहुयुद्धातील कौशल्याने पुरा केला. आपल्या तरुणांना फक्त हा चौथा हिस्सा दिसतो, आणि आधीचे तीन त्यांच्या नजरेतून निसटतात.

या प्रसंगाचा उत्तरार्ध जिवा महालाचा आहे. खानाची आरोळी ऐकून सय्यद बंडा धावून आला आणि पट्ट्याचे वार करू लागला. तेव्हा जिवा महालाने पुढे होऊन त्याचा पट्ट्याचा हात हत्यारासकट तोडला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण त्यावरूनच रूढ झाली. पट्टा ज्यांनी हाती धरला असेल त्यांना यातील मर्म समजेल. पट्ट्याची मूठ आत असते आणि तिच्यावरील लोखंडी खोळ कोपरापर्यंत हात झाकते. त्यामुळे पट्टा चालविणाऱ्याचे मनगट वळत नाही. संपूर्ण हात हेच त्याचे पाते होते. तलवारीची मूठ पिरगाळून सोडविता येईल, पट्टा असा सुटणार नाही. म्हणून पट्ट्यावर उपाय करायचा तर तो हातावरच करावा लागतो, आणि तोही पात्याच्या मागे, खांद्याकडे. जिवा महालाने नेमके तेच केले.

अशीच एक कथा महाभारताच्या द्रोणपर्वात आहे. युद्धाच्या चौदाव्या दिवशी थकलेल्या सात्यकीला भूरिश्रव्याने केस धरून ओढले आणि खड्ग उगारले. श्रीकृष्णाने दाखविताच अर्जुनाने बाण सोडला आणि भूरिश्रव्याचा खड्गासह उगारलेला हात तोडला. भूरिश्रव्याने केस धरले होते, सात्यकीचे हात धरले नव्हते. पण सात्यकीच्या अंगात त्राण उरले नव्हते, म्हणून त्याला मित्राची गरज पडली. येथपर्यंत व्यासांनी अर्जुनाची बाजू मांडली आहे. पुढे मात्र हात तुटलेला भूरिश्रवा शस्त्र टाकून प्रायोपवेशनाला बसला असता सात्यकीने त्याचे मस्तक उडविले, आणि त्या कृत्याची रणांगणावर सर्वांनी निंदा केली. हत्यारी हात निकामी होईपर्यंत जे रक्षण होते, ते त्यानंतर हत्या झाले. ही सीमारेषा लक्षात ठेवावी. पुढे कायद्याच्या निमित्ताने ती पुन्हा आपल्यापुढे येणार आहे.

आता प्रत्यक्ष विद्येकडे वळू. माझ्या बोलण्यात शास्त्राचे मोठे शब्द येणार नाहीत. शेतकऱ्याच्या घरातील उदाहरणे पुरतील.

मारका बैल आवरताना आपण त्याचे शेपूट धरीत नाही आणि वशिंडाला मिठीही घालीत नाही. वेसण धरतो. सारे बळ ज्या एका जागेतून वळते ती जागा हाती आली की, दहा माणसांचे काम एका पोराने होते. हत्यारी माणसाची वेसण म्हणजे त्याचा हत्याराचा हात. पण त्या हातावर धरावे कोठे, हा खरा प्रश्न आहे, आणि येथेच पडद्यावरची विद्या फसते.

घरातील जाते आठवा. पाळीच्या कडेला बसविलेला खुंटा मोठे वर्तुळ फिरतो. मधल्या खिळ्याजवळचा दगड जागच्या जागी वळतो. हाताचेही तसेच आहे. खांदा हा खिळा, मनगट हा खुंटा. वार करताना मनगट वाऱ्यासारखे पळते, कोपर चालते आणि खांदा केवळ वळतो. म्हणून येणारे मनगट हवेत झेलू पाहणारा मनुष्य बहुधा चुकतो. कोपराच्या वरचा दंड त्या मानाने सापडतो. पण केवळ दंड धरला तर पुढचा हात मोकळा राहतो, आणि मनगट वळवून सुरीचे टोक धरणाऱ्याच्याच हातावर येते. केवळ मनगट धरले तर घामाने ते निसटते, किंवा प्रतिपक्षी सर्व अंगाचा झटका देऊन सोडवितो. तेव्हा नियम असा की, त्याच्या एका हातावर आपले दोन हात असावेत. एक मनगटावर, दुसरा कोपराच्या वर. मग तो हात आपल्या छातीशी घट्ट आवळून घ्यावा. दूर धरलेला हात फिरतो, अंगाशी आवळलेला हात हलविण्यासाठी त्याला आपला सारा देह ओढावा लागतो.

आपल्या मल्लांना हे नवीन नाही. खडाखडीत प्रतिपक्ष्याचा हात दोन्ही हातांनी खेचून त्याच्या पाठीवर जाण्याच्या डावाला दस्ती म्हणतात. त्याच्या हाताखालून मान काढून मागे जाण्याला बगलडूब म्हणतात. या दोन्ही डावांत मल्ल समोर उभा राहत नाही. हाताच्या बाहेरच्या बाजूने पाठीकडे सरकतो. हत्यारी माणसाशी गाठ पडली असता हीच दिशा तारक ठरते. त्याच्या समोर राहिले तर दुसरा हात, गुडघे आणि डोके ही तिन्ही आपल्यावर चालतात. पाठीकडे गेले तर त्याचा हत्यारी हात त्याच्याच देहाच्या आड येतो.

तिसरी गोष्ट अंतराची. पाते असलेल्या माणसापासून एक तर त्याच्या हाताच्या आवाक्याबाहेर राहावे, नाही तर छातीला छाती लागेल इतके आत शिरावे. मधल्या अंतरावर घोटाळणारा मरतो, कारण वाराला पूर्ण वेग तेथेच येतो. आणि चौथी गोष्ट म्हणजे हत्यार उपसण्याची वेळ. म्यानातले, खिशातले वा कमरेचे हत्यार जोवर बाहेर आलेले नाही, तोवर ते उपसणारा हात अडकलेला असतो. त्या क्षणी तो हात कमरेशीच दाबून धरला तर पाते बाहेरच येत नाही. हात एकदा मोकळा झाला की, ही सवलत गेली.

ही सूत्रे केवळ आपल्याच देशात सापडली असे समजण्याचे कारण नाही. इटलीतील फियोरे दे लिबेरी नावाच्या उस्तादाने १४०९ च्या सुमारास आपली विद्या सचित्र पोथीत उतरविली. तिचा मोठा भाग कट्यारीच्या झटापटीचाच आहे, आणि हत्यार हिसकावणे, हात मोडणे, जखडणे व जमिनीवर पाडणे असा त्याचा क्रम आहे. जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान स्थापन करून जुन्या जुजुत्सूतून जुदो सिद्ध केला. त्यांच्या शाळेतील एका संचात कट्यार आणि तलवार घेऊन येणाऱ्या प्रतिपक्ष्याचा प्रतिकार आजही शिकविला जातो. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात मानसोल्लासात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण लिहिले. रिकाम्या हाताने किंवा क्षुल्लक साधनाने हत्यारी माणसाला आवरण्याच्या विद्येला आपल्याकडे बिनोट असे नाव आहे, आणि जंबिया हा वक्र कट्यारीचा खेळही तालमींतून शिकवीत. बडोद्यात द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत प्रसिद्ध करून ही विखुरलेली विद्या एका ठिकाणी बांधून ठेवली. मराठी भाषेवर हे त्यांचे मोठे ऋण आहे. ज्याच्या घराजवळ जुने ग्रंथालय असेल त्याने ते खंड आवर्जून पाहावेत.

त्याच बडोद्यात राजरत्न प्रो. माणिकराव यांनी आयुष्यभर व्यायामाची उपासना केली. त्यांच्या संस्थेचे नाव जुम्मादादा व्यायाममंदिर. जुम्मादादा हे त्यांचे गुरू, धर्माने मुसलमान. ब्रह्मचारी, मारुतिभक्त शिष्याने आपल्या संस्थेला स्वतःचे नाव दिले नाही, घराण्याचे दिले नाही, जातीचे दिले नाही, गुरूचे दिले. ही गोष्ट मी सहज सांगत नाही. तिचा उपयोग मला शेवटी होणार आहे.

आता, सद्गृहस्थहो, मी या विद्येची दुसरी बाजू सांगतो, आणि विद्यार्थ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. वर जे डाव सांगितले ते सारे निरुपायाचे डाव आहेत. सुरी हाती असलेला मनुष्य पडद्यावर दाखवितात तसा एकच वार करून हात पुढे धरून थांबत नाही. तो हात मागे घेतो आणि पुन्हा पुन्हा भोसकतो. ज्याने वर्षानुवर्षे माती अंगाला लावली आहे, तोही अशा झटापटीतून जखमेशिवाय सुटेल याची शाश्वती कोणी उस्ताद देणार नाही. लाकडी सुरीला कोळसा किंवा ओली हळद फासून दोन मुलांना अर्धा मिनिट झटापट करू द्यावी आणि मग सदऱ्यावरील डाग मोजावेत. शंभर व्याख्यानांनी जो उपदेश होणार नाही, तो त्या डागांनी होईल. हा प्रयोग मी अनेक हुशार मुलांकडून करवून घेतला आहे. पहिल्या दिवशी कोरा सदरा घेऊन घरी गेलेला एकही मुलगा मला आठवत नाही.

म्हणून हत्यारी हाताचा पहिला बंदोबस्त पायांनी करावा, म्हणजे पळावे. पळण्यात कमीपणा नाही. आग्र्याच्या कैदेतून १६६६ मध्ये निसटून येणारा पुरुष आपला आदर्श आहे. दुसरा बंदोबस्त जिभेने करावा. पैशाचे पाकीट, मोबाईल, गळ्यातील साखळी मागितली तर देऊन टाकावी. आईबापांना साखळी पुन्हा करता येते. तिसरा बंदोबस्त आडोशाने करावा. दप्तर, खुर्ची, सायकल, जे मिळेल ते मध्ये घालावे. हे तिन्ही संपले, पाठीला भिंत लागली आणि पळायला वाट उरली नाही, तरच चौथा बंदोबस्त हातांनी करावा. तेव्हा मात्र कचरू नये, दोन्ही हातांनी तो एक हात धरावा, मोठ्याने ओरडावे आणि सुटका होताच पुन्हा पहिल्या उपायाकडे, म्हणजे पायांकडे यावे.

कायदाही याच वाटेने जातो. आपल्या जीविताचे आणि दुसऱ्याच्याही जीविताचे रक्षण करण्याचा हक्क १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. या हक्काला कायद्याने एक मर्यादा घातली आहे. रक्षणासाठी जेवढी इजा आवश्यक, त्याहून अधिक करता येत नाही. सुरी हातातून पडली, मनुष्य पळू लागला किंवा जखडला गेला, की संकट संपले. त्यानंतरचा प्रत्येक फटका आपल्याच नावावर जमा होतो. भूरिश्रव्याचा हात तोडणारा अर्जुन आणि त्याचे मस्तक उडविणारा सात्यकी यांच्यामध्ये व्यासांनी जी रेघ ओढली, तीच ही रेघ. आणि ज्या मुलाला वाटते की खिशात चाकू असला म्हणजे आपण सुरक्षित, त्याला माझे एवढेच सांगणे की, भांडणात खिशातला चाकू बाहेर येतोच. मग कोणाच्या पोटात जायचा हे देवाला ठाऊक, आणि तुरुंगात जायचे हे नक्की.

भगिनींसाठी यातील एक भाग निराळा काढून सांगतो. मनगट धरणाऱ्याच्या मुठीत चार बोटे एका बाजूला आणि एकटा अंगठा दुसऱ्या बाजूला असतो. भिंत चार बोटांची, दार अंगठ्याचे. आपले मनगट सोडवायचे तर हात मागे ओढू नये. धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या दिशेने, कोपर वाकवून, सगळ्या अंगाच्या झटक्याने काढावे. दहा वर्षांच्या मुलीलाही हे एका सकाळी समजते; मात्र अंगवळणी पडायला सहा महिने लागतात. समजणे आणि अंगवळणी पडणे यांत जे अंतर आहे, ते भरून काढणाऱ्या जागेलाच तालीम म्हणतात.

आणि आता मी मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या खानदेशात माती कमी नाही आणि मल्लही कमी नाहीत. यात्रेच्या दिवशी नदीच्या पात्रात कुस्त्यांची दंगल भरावी, नारळापासून सुरुवात होऊन अखेरच्या मानाच्या कुस्तीपर्यंत दिवस मावळावा, ही रीत आपल्या गावोगाव होती आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे. चाळीसगाव तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीचा मान मिळवून जळगाव जिल्ह्याचे नाव साऱ्या महाराष्ट्रात केले. समर्थ रामदासांच्या संप्रदायाची हस्तलिखिते जपणारे समर्थ वाग्देवता मंदिर धुळ्यात आहे, आणि इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ च्या शेवटच्या दिवशी त्याच धुळ्यात देह ठेवला. गावोगाव मारुती स्थापन करणाऱ्या समर्थांची पोथी आपण कापडात बांधून जपली. तिच्यातील बलोपासना मात्र बांधूनच ठेवली तर काय उपयोग?

आपल्या मंडळाच्या विद्यार्थी वसतिगृहामागे पत्र्याची एक मोठी शेड रिकामी आहे. ती दुकानांना भाड्याने द्यावी असा एक विचार आहे, आणि तेथे तालीम काढावी असा दुसरा. उद्याच्या सर्वसाधारण सभेत हा विषय निघणार आहे. भाड्याच्या उत्पन्नातून शिष्यवृत्त्या वाढतील, हे चिटणीसांचे म्हणणे खोटे नाही. गरीब मुलाची फी हा हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हे. परंतु त्याच वसतिगृहात राहणारी मुले आज जी विद्या पडद्यावर शिकत आहेत, तिची परीक्षा रस्त्यावर होते आणि तेथे नापास होणाऱ्याला दुसरी संधी मिळत नाही. शेडच्या अर्ध्या भागाला भाडेकरू ठेवावा आणि अर्ध्यात माती टाकावी, अशी माझी नम्र सूचना आहे. खर्च फार नाही. लाल माती, थोडे तेल, ताक आणि हळद, भिंतीला एक मारुती, आणि सकाळी साडेपाचला येणारा एक उस्ताद. मुलींसाठी संध्याकाळची वेळ आणि स्त्री शिक्षिका. दाराशी एक नियम ठळक लिहावा की, ज्याच्या खिशात चाकू सापडेल त्याला आखाड्यात पाऊल टाकता येणार नाही.

आणि एक शेवटची सूचना. ती कदाचित सर्वांना रुचणार नाही. ही तालीम केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी नसावी. ज्ञातीचे मंडळ हे ज्ञातीच्या पैशावर चालते, हे मला मान्य आहे. वसतिगृहाची खोली आधी आपल्या मुलाला मिळावी, हेही मान्य आहे. पण हात धरण्याची विद्या निरनिराळ्या हातांवाचून येत नाही. उंच, ठेंगणा, डावखुरा, शेतात राबलेला, दुकानात बसलेला, असा प्रत्येक हात वेगळा लागतो आणि वेगळा निसटतो. नेहमीच्याच चार भावंडांशी लढणारा मल्ल घरचा पहिलवान होतो. शिवभारतात प्रतापगडावरील महाराजांच्या दहा रक्षकांची नावे दिली आहेत. त्यांत संभाजी कावजी आहे, येसाजी कंक आहे, जिवा महाला आहे, आणि इब्राहीम सिद्दीही आहे. त्या दिवशी महाराजांनी रक्षक निवडताना हाताकडे पाहिले, आणि सय्यद बंडाचा पट्टा उगारला गेला तेव्हा नाभिक समाजातील जिवा महालाचा हात पुढे आला. वेळ आली असता आपल्या मुलाच्या मदतीला कोणाचा हात धावून येईल, हे आपण आज येथे बसून सांगू शकत नाही. तो हात आपल्या आखाड्यात तयार झालेला असावा, त्याला आपल्या मुलाचे नाव ठाऊक असावे, एवढी तजवीज मात्र आपल्या हाती आहे.

माझे बोलणे लांबले.  उद्याच्या सभेत शेडचा ठराव मतास येईल तेव्हा जो तो आपल्या घरातील मुलामुलींचा विचार करून हात वर करील, अशी आशा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.